‘करण्यात यावे’ म्हणजे कोणी करायचं? फाउंड्रीतल्या सुरक्षा समितीच्या प्रशिक्षणाच्या नोंदी

ठिकाण: कोल्हापूर जिल्ह्यातली बिडाच्या ओतकामाची एक फाउंड्री. इंडक्शन भट्ट्या, मोल्डिंग लाइन, कोअर शॉप (पोकळीसाठी वाळूचे गाभे बनवणं), नॉक-आउट (साचा फोडून ओतलेला भाग, म्हणजे कास्टिंग, बाहेर काढणं), शॉट ब्लास्टिंग (छर्ऱ्यांच्या माऱ्याने सफाई), फेटलिंग (कास्टिंगचा जादा धातू घासून काढणं). फेटलिंगचं काम ठेकेदाराकडे.
प्रशिक्षणार्थी: 16. आठ कामगार प्रतिनिधी, आठ व्यवस्थापनाचे.

9 जानेवारी 2024, मंगळवार. जुनी इतिवृत्तं

समितीच्या मागच्या दोन वर्षांच्या आठही बैठकांचे मिनिट्स वाचून काढले. तिमाहीत किमान एक बैठक घ्यावी लागते, त्या हिशेबाने कागद पुरा आहे. सह्या आहेत, हजेरी आहे. मजकूर मात्र असा:

‘सँड मिक्सरजवळ साफसफाई करताना काळजी घेण्यात यावी.’
‘कामगारांनी सुरक्षा साधनांचा वापर करावा अशी सूचना देण्यात आली.’
‘फेटलिंग विभागातील धुळीबाबत योग्य ती उपाययोजना करण्यात यावी.’

मिक्सरचं वाक्य (मिक्सर म्हणजे साच्याची वाळू मळणारं यंत्र) आठपैकी चार बैठकांत आहे, जवळजवळ शब्दाला शब्द. चारदा लिहावं लागलं याचा अर्थ पहिल्या तीन वेळा काहीही झालं नाही. दोष फक्त इच्छेचा नाही, वाक्याच्या घडणीचाही आहे. ‘घेण्यात यावी’ या क्रियापदाला कर्ताच नाही. कोणी, कधीपर्यंत, कुणाच्या पैशाने, काहीच कळत नाही. सरकारी पत्रात ही भाषा चालून जाते. फिरत्या पात्यांशेजारी चालत नाही.

पूर्ण प्रशिक्षणासाठी एक नियम ठरवला: ‘करण्यात यावे’, ‘काळजी घ्यावी’ आणि ‘योग्य ती’ हे तीन शब्दप्रयोग मिनिट्समध्ये येणार नाहीत. त्यांच्या जागी माणसाचं नाव आणि तारीख.

17 जानेवारी, बुधवार. निवडणूक

तेव्हा (2024 मध्ये) लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 41-जी प्रमाणे धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात सुरक्षा समिती लागत असे आणि तिच्यात कामगार व व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान असावे लागत. अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत फाउंड्री आहे, त्यामुळे इथे ‘लागू आहे का’ असा प्रश्नच नाही. हे कलम 1987 च्या दुरुस्तीने आलं. भोपाळनंतर. 1984 च्या 2-3 डिसेंबरच्या रात्री वायू सुटला तेव्हा टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन कित्येक महिने बंद होतं आणि सुटलेला वायू जाळणाऱ्या फ्लेअर टॉवरची पाइप जोडलेली नव्हती. अशा गोष्टी आत काम करणाऱ्यांना रोज दिसतात. ते दिसलेलं बोलायला कायद्याने जागा करून दिली, ती जागा म्हणजे ही समिती.

आजवर कामगारांची नावं विभागप्रमुख सुचवत असत. यावेळी विभागवार गुप्त मतदान घेतलं: भट्टी 1, मोल्डिंग 2, कोअर शॉप 1, नॉक-आउट व शॉट ब्लास्टिंग 1, मेंटेनन्स 1, फेटलिंग 2. मतपेटी पाळी बदलताना ठेवली, म्हणजे सुटणारे आणि येणारे दोन्ही मिळतात. तिसऱ्या पाळीसाठी वेगळी पेटी सकाळी 6.30 ला. ती ठेवली नाही तर रात्रपाळीचं मत कायम राहून जातं.

फेटलिंगच्या दोन्ही जागा ठेकेदाराच्या माणसांना. यावर बरीच चर्चा झाली. पण धूळ, आवाज आणि ग्राइंडर हे तिन्ही धोके जिथे सगळ्यात जास्त, तिथला माणूस समितीत नसेल तर समिती कशाची? त्यांची एक खरी अडचण होती: मजुरी टनावर. तीन तास प्रशिक्षणाला बसला की तेवढी रोजी बुडाली. तोडगा: प्रशिक्षणाचे आणि बैठकीचे तास मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी कमाईने भरून द्यायचे आणि त्याचं बिल ठेकेदाराने कंपनीला लावायचं. दुसरी भीती गेटपास बंद होण्याची. दोन वर्षांच्या मुदतीत प्रतिनिधीला कामावरून काढायचं असेल तर कारखानाप्रमुखांची लेखी संमती लागेल, असं पत्र ठेकेदाराला गेलं. हे पत्र निवडणुकीच्या आधी गेलं, म्हणून उमेदवार मिळाले.

व्यवस्थापनाच्या बाजूने कारखानाप्रमुख (अध्यक्ष), सुरक्षा अधिकारी (सचिव), प्रॉडक्शन, मेंटेनन्स, खरेदी, क्वालिटी, एचआर आणि कारखान्याचे डॉक्टर. खरेदीवाल्यांना ‘आमचं इथं काय काम’ असं वाटत होतं. ते 13 फेब्रुवारीला उमगलं.

30 जानेवारी, मंगळवार. सत्र 1: नोंद कशी लिहायची

वेळ दुपारी 2 ते 5. पहिली पाळी सुटलेली आणि दुसरी नुकती लागलेली, त्यामुळे दोन्हीकडची माणसं मिळतात. रात्रपाळीच्या दोघांची पाळी आठवडाभर आधीच बदलून घेतली होती. रात्र जागून आलेल्या माणसाला खुर्चीत बसवून काही शिकवता येत नाही.

बसायची व्यवस्था मुद्दाम मिसळली, एका टेबलावर दोन कामगार आणि दोन साहेब. पहिल्या तासाला साहेबच बोलतात, हे गृहीत धरलं होतं. म्हणून पहिलं काम लिहिण्याचं दिलं आणि कागद कामगाराच्या हातात दिला. ज्याला लिहिणं अवघड त्याने सांगायचं, शेजारच्या साहेबांनी त्याच्याच शब्दांत उतरवायचं, ‘सुधारून’ नाही. फेटलिंगचे दोघं बिहारचे आहेत. त्यांचं हिंदीत उतरवलं, मराठी केलं नाही.

सराव जुन्या मिनिट्समधल्या वाक्यावरच. ‘मिक्सरजवळ काळजी घेण्यात यावी’ हे मोडून नवीन नोंद करायची, रकाने असे: नेमकी जागा, काय दिसलं, काय होऊ शकतं, आजच्या आज काय केलं, कायमचा उपाय, कोण, कधीपर्यंत, खर्च कोण मंजूर करणार, झाल्याची खात्री कोणी केली.

शेवटच्या रकान्याचा नियम ठरला: ज्याने काम केलं त्याने ‘बंद’ लिहायचं नाही. ज्याने मुद्दा मांडला त्याने जागेवर जाऊन बघायचं आणि सही करायची.

एका गटाने ‘काय दिसलं’ मध्ये ‘असुरक्षित स्थिती’ लिहिलं. हे दिसत नाही. दिसतं ते असं: ‘मिक्सरच्या दाराचा लिमिट स्विच तांब्याच्या तारेने खाली बांधून ठेवला आहे.’ (लिमिट स्विच म्हणजे दार उघडलं की मशीन बंद पाडणारा स्विच.) हे मोल्डिंगच्या प्रतिनिधीने लिहून दिलं. खोलीत कुणालाच आश्चर्य वाटलं नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. चार बैठकांच्या मिनिट्समध्ये ती तार एकदाही आलेली नाही.

6 फेब्रुवारी, मंगळवार. सत्र 2: फेरी

चार-चार जणांचे चार गट, प्रत्येकाला एकच विभाग, 40 मिनिटं. अख्खा कारखाना फिरवला की लोक झाडून सगळीकडे ‘हेल्मेट नाही, ग्लोव्ह्ज नाही’ एवढंच टिपून आणतात. म्हणून अट घातली: पहिली 20 मिनिटं माणसांकडे बघायचंच नाही, फक्त मशीन, जमीन, वरची बाजू. नंतर काम कसं चालतं ते बघायचं आणि करणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: ‘या कामात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?’ ‘धोका कशाचा’ असं विचारलं की ‘काही नाही साहेब’ हेच उत्तर येतं. त्रास विचारला की बोलतात.

फेटलिंग गटाचं निरीक्षण चांगलं. पेडेस्टल ग्राइंडरवर टूल रेस्ट (कास्टिंग टेकवायची पट्टी) आणि चाक यातली फट बोटभर. ती 3 मिमीच्या आत हवी, कारण चाक झिजतं तशी फट वाढते, छोटं कास्टिंग तिच्यात ओढलं जातं, चाक अडकून फुटतं किंवा मागोमाग बोट जातं. वरची जीभ (चाकाच्या वरच्या बाजूचा गार्ड) 6 मिमीच्या आत. मोजायला पट्टी लागू नये म्हणून मेंटेनन्सने पत्र्याचे गेज कापून दिले, एक कड 3 मिमी, दुसरी 6. साखळीने ग्राइंडरलाच अडकवले. मशीन बंद असतानाच गेज लावायचा, तो आत गेला की रेस्ट पुढे घ्यायचा.

दुसरी गोष्ट गंभीर. 4 इंची हँड ग्राइंडरला 7 इंची चाक लावलेलं सापडलं. बसावं म्हणून गार्ड काढलेला. 7 इंची चाकावर 8,500 आरपीएमची मर्यादा छापलेली, ग्राइंडरच्या पाटीवर 11,000. चाक आपल्या मर्यादेच्या वर फिरत होतं, आणि फुटलं तर अडवायला गार्ड नाही. ते मशीन तिथल्या तिथे काढून घेतलं. पण ‘कोणी लावलं’ यावर थांबलो नाही. मोठं चाक का लागतं? रायझरचा (कास्टिंगला जोडून राहिलेल्या जादा धातूच्या खांबाचा) बुंधा जाड असतो, 4 इंची चाक तिथवर पोचत नाही, आणि 7 इंची मशीन विभागात दोनच, त्यातलं एक दुरुस्तीला. हिशेब टनावर. माणूस थांबणार कसा? उपाय म्हणून ‘समज दिली’ असं लिहिलं असतं तर आठवड्यात दुसरं तसंच मशीन सापडलं असतं. नोंदीत लिहिलं: ‘7 इंची ग्राइंडर आणखी दोन, खरेदी विभाग, 29 फेब्रुवारी.’

मिक्सरची तार जागेवर पाहिली. ती सत्र 4 साठी राखून ठेवली, मात्र तोपर्यंत आत उतरायचं काम सुरक्षा अधिकारी समोर असल्याशिवाय बंद.

13 फेब्रुवारी, मंगळवार. सत्र 3: न दिसणारी धूळ

फुप्फुसात खोलवर जाणारी, वाळूतल्या सिलिकाची धूळ साध्या उजेडात दिसत नाही. जी दिसते, अंगावर बसते, ती जाड. त्यामुळे ‘आज धूळ कमी आहे’ हा डोळ्यांचा अंदाज फसवा असतो. हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं.

संध्याकाळी 7 नंतर फेटलिंगच्या एका खणातले दिवे बंद केले. जोरदार झोताचा टॉर्च काम चालू असलेल्या ठिकाणाच्या पलीकडे ठेवून झोत बघणाऱ्यांच्या दिशेने सोडला. बघणाऱ्यांनी थेट प्रकाश पुठ्ठ्याने अडवायचा आणि झोताच्या कडेला बघायचं. ग्राइंडर सुरू झाला आणि झोतात धुळीचे लोट दिसू लागले. माणसाच्या नाकाशी एक लोट वर चढत होता, मास्कच्या वरच्या कडेने आत जात होता. नंतर एकाने नेहमीप्रमाणे एअरच्या पाइपने अंगावरचे कपडे झाडले. झोत पांढरा झाला आणि बराच वेळ पांढराच राहिला. ग्राइंडिंगपेक्षा कपडे झाडल्यावर जास्त उडालं. खोलीत बसून कितीही सांगितलं तरी हे असं कळत नाही.

मग हिशेब. अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीतली श्वसनीय धुळीची मर्यादा ठरलेला एक आकडा नाही, सूत्र आहे: 10 भागिले (क्वार्ट्झचे टक्के अधिक 2), मिलिग्रॅम प्रति घनमीटर. क्वार्ट्झ म्हणजे सिलिकाचंच स्फटिकरूप. धुळीत 30 टक्के क्वार्ट्झ असेल तर 10 ÷ 32, म्हणजे साधारण 0.31. 8 टक्के असेल तर 1. वाळूच्या कामात मर्यादा कशी आवळत जाते हे फळ्यावर तिघा-चौघांकडून सोडवून घेतलं. धूळमापनाचा रिपोर्ट हातात आला की समितीच्या सदस्याने आधी विचारायचं: क्वार्ट्झचे टक्के मोजले का? पंप माणसाच्या अंगावर लावला होता की कोपऱ्यात स्टँडवर? त्या दिवशी उत्पादन पूर्ण होतं का?

मास्कचा विषय इथे निघाला आणि खरेदी विभाग आपोआप चर्चेत आला. खरेदीच्या ऑर्डरमध्ये एवढंच होतं: ‘मास्क, डस्ट, 1000 नग’. असं लिहिलं की स्वस्तातला कापडी येतो, आणि तो जाडी धूळ अडवून बारीक आत सोडतो. नवीन ओळ: ‘आयएस 9473, एफएफपी2, दोन पट्टे डोक्यामागून, कानात अडकवायचा नको.’ आयएस 9473 हे मास्कचं भारतीय मानक, एफएफपी2 हा गाळण्याचा दर्जा. कानात अडकवायचा मास्क कडेने सैल राहतो. दाढीवर कुठलाच मास्क घट्ट बसत नाही, हेही सांगितलं.

मास्क हा शेवटचा उपाय, हे बजावून सांगितलं. त्याआधीचे: कोरडा झाडू बंद आणि व्हॅक्यूम, कपड्यांवर एअर बंद, नॉक-आउटची धूळ खेचून घेणारं हूड आणि डक्ट (धूळ वाहून नेणारा नळ). डक्टमध्ये वाळू साठली की खेच कमी होते. हूडच्या तोंडाशी रिबनचा तुकडा बांधून ठेवला, तो आत ओढला जात नसेल तर डक्ट उघडायचा. साधं आहे, पण शिफ्टला एकदा बघता येतं.

डॉक्टरांनी सिलिकोसिसबद्दल, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराबद्दल, 15 मिनिटं सांगितलं. तो तिसऱ्या अनुसूचीतला, कळवावा लागणारा आजार आहे. झालेलं नुकसान भरून निघत नाही. ठेक्यावरचा कामगार दोन-तीन वर्षांत दुसऱ्या फाउंड्रीत जातो, त्याच्या छातीचे एक्स-रे एकत्र कुठेच राहत नाहीत. म्हणून रिपोर्टची प्रत कामगाराच्या हातात द्यायचं ठरलं. जबाबदारी डॉक्टर, 31 मार्च.

20 फेब्रुवारी, मंगळवार. सत्र 4: मिक्सर आणि कुलूप

सगळ्यात महत्त्वाचं सत्र. वर्ग नाही, थेट मिक्सरजवळ.

मिक्सरमध्ये माणूस का उतरतो? बेंटोनाइट (चिकट माती) आणि पाणी घातलेली वाळू भिंतीला आणि तळाला चिकटते. पाळी संपताना ती खरवडावी लागते. आत दोन जड रोलर आणि नांगरासारखी पाती, म्हणजे प्लाऊ. बाहेरून कुणी बटण दाबलं की आतल्याला निसटायला जागाच नाही.

दार उघडलं की मशीन बंद पडावं म्हणून लिमिट स्विच आहे. तो बांधला का? मोल्डिंगच्या प्रतिनिधीने खोलून दाखवलं. स्विचचा रोलर असलेला दांडा दाराच्या खालच्या कडेला, वाळू तिथेच सांडते. दाणे दांड्याच्या सांध्यात जातात, दांडा परत येत नाही, दार बंद असूनही मशीनला वाटतं उघडं आहे. लाइन थांबते, वरून ओरडा बसतो, मग तार येते. तार बांधणाऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नव्हता. स्विचचा प्रकार चुकीचा आणि जागाही चुकीची.

दुसरं कारण मेन स्विचचं. पॅनल रूम दुसऱ्या टोकाला, चालत जाऊन-येऊन पाच मिनिटं. दहा मिनिटांच्या खरवडीसाठी कोण जाणार? लाल बटण दाबून सगळे आत उतरत. लाल बटण फक्त थांबवतं, वीज तोडत नाही.

तिसरं कारण आम्हालाही नवीन होतं. त्याच प्रतिनिधीने सांगितलं: ‘प्लाऊचं पातं झिजलं की तळाशी फट वाढती, मग थर जास्त बसतो. पातं वेळेवर खाली घेतलं तर हप्त्यातनं दोनदाच उतरावं लागंल.’ मेंटेनन्सने फट मोजली, तो बरोबर होता. धोक्याच्या जागी जाण्याच्या फेऱ्याच कमी करणं हा कुलपाच्याही आधीचा उपाय, आणि तो पात्याजवळ रोज उभं राहणाऱ्याला ठाऊक होता.

मग कुलपाचा सराव, प्रत्येकाने स्वतःच्या हाताने:

1. ऑपरेटर आणि सुपरवायझर दोघांना सांगणे.
2. मशीन रिकामं करून नेहमीसारखं थांबवणे.
3. मेन आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) बंद. हवेचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधली हवा सोडणे, कारण खालचं डिस्चार्ज दार हवेवर चालतं आणि उरलेल्या दाबावर हलतं.
4. सहा भोकांची हास्प (एकाच स्विचला अनेक कुलपं लावता येणारी कडी) लावून प्रत्येकाने आपलं कुलूप घालणे. आत चार माणसं, तर कुलपं चार. किल्ली खिशात.
5. स्टार्ट बटण दाबून बघणे. मशीन सुरू होता कामा नये.
6. मग आत.

पाचवी पायरी सगळ्यात जास्त राहते. सरावात एका गटाने शेजारच्या कन्व्हेयरचं आयसोलेटर बंद केलं होतं. पॅनलवरच्या पट्ट्या पुसट झालेल्या. कुलूप चार, हास्प घट्ट, सगळं नियमाने, आणि स्टार्ट बटण दाबताच रिकामा मिक्सर फिरला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. त्याच दिवशी पट्ट्या नव्याने रंगवून घेतल्या.

एका किल्लीची जुळी किल्ली सुपरवायझरकडे ठेवावी असा प्रस्ताव आला, ‘माणूस घरी गेला तर’ म्हणून. नाही म्हणालो. माणूस घरी गेला असेल तर त्याला फोन लावायचा, मशीनच्या आत-बाहेर दोघांनी प्रत्यक्ष पाहायचं, कारखानाप्रमुखांची सही घ्यायची आणि कुलूप कापायचं. कुलूप कापणं त्रासाचंच असलं पाहिजे.

27 फेब्रुवारी, मंगळवार. सत्र 5: भट्टी

बीड ओततात साधारण 1400 अंश सेल्सिअसला. एक लिटर पाण्याची वाफ 1,700 लिटरच्या आसपास. ओलं स्क्रॅप, बंद तोंडाचा पाइप, जुना शॉक अ‍ॅब्सॉर्बर वितळलेल्या धातूखाली गेला की सगळं वर उडतं. पावसाळ्यात स्क्रॅपवर छप्पर हवं हे सगळ्यांना माहीत, तरी अर्धा ढीग उघड्यावर. नोंद: ‘शेड वाढवणे, प्रॉडक्शन, 31 मे.’ कोल्हापुरात जूनमध्ये पाऊस लागतो, म्हणून मेअखेर. जूनची तारीख घेतली नाही.

ब्रिजिंग: वरचं स्क्रॅप एकमेकांत अडकून कमान होते, खालचा धातू पॉवर खात तापत राहतो आणि लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) खातो. वरून मेल्टरला (भट्टी चालवणाऱ्याला) भट्टी शांत दिसते. पॉवर कमी करणे, भट्टी वाकवून कमानीला धातू लावणे. पहारीने ठोकणे नाही. भट्टीच्या माणसाला हे पाठ होतं, साहेबांपैकी दोघांना पहिल्यांदाच कळलं.

चाचणी घेतली ती वीज गेल्याची. मेन बंद केला. डीजी (डिझेल जनरेटर) सुरू झाला, दिवे आले. पण कॉइलचं (धातू तापवणाऱ्या तांब्याच्या वेटोळीचं) थंड पाणी फिरवणारा पंप डीजीच्या बोर्डावर नव्हता. भट्टीत धातू असताना पाणी थांबलं तर कॉइल जाते, लायनिंग फुटलं तर धातू आणि पाणी एकत्र येतं. उंच टाकीचं पाणी गुरुत्वाने येतं, तो व्हॉल्व्ह हाताने उघडावा लागला आणि गंजल्यामुळे दोन माणसं लागली. चाचणीच्या वेळी भट्टी रिकामी होती. पंप डीजीवर घेईपर्यंत प्रत्येक पाळीत व्हॉल्व्हवर नेमलेला एक माणूस, नावासकट फळ्यावर.

स्पिल पिट पाहिला. धातू सांडला तर जायची जागा, ती कोरडी आणि रिकामी हवी. तळाला पाणी आणि चहाचे कप. त्याच पाळीत साफ.

5 मार्च, मंगळवार

राष्ट्रीय सुरक्षा सप्ताह (4 ते 10 मार्च) चालू आहे. शपथ, बॅज, घोषवाक्य स्पर्धा. समितीने एवढंच सुचवलं की बक्षीस घोषवाक्याला देण्याऐवजी त्या आठवड्यात सापडलेल्या आणि बंद झालेल्या मुद्द्याला द्यावं. मान्य झालं.

14 मार्च, गुरुवार. सत्र 6: फक्त व्यवस्थापन

कामगारांना बोलायला शिकवून साहेबांना ऐकायला शिकवलं नाही तर पहिल्या बैठकीतच सगळं गप्प होतं.

सराव: थोडक्यात टळलेला अपघात सांगायला कामगार आला आहे, पहिला प्रश्न काय विचाराल? आठपैकी बहुतेकांनी ‘कोण होतं तिथं?’ विचारलं. हा प्रश्न आला की पुढच्या वेळी कुणी सांगायला येत नाही. आधी ‘लागलं का कुणाला?’, मग ‘दाखव बघू कुठं’.

कलम 41-एच नीट वाचलं. जिवाला किंवा आरोग्याला तात्काळ धोका आहे असं कामगाराला सार्थ वाटलं तर तो व्यवस्थापनाला थेट किंवा समितीतल्या प्रतिनिधीमार्फत कळवू शकतो आणि त्याच वेळी कारखाने निरीक्षकालाही. व्यवस्थापनाची खात्री पटली तर तात्काळ उपाय आणि निरीक्षकाला अहवाल. पटली नाही तरी प्रकरण निरीक्षकाकडे पाठवायचंच, त्यांचा निर्णय अंतिम. ‘पटलं नाही म्हणून सोडून दिलं’ हा पर्याय कलमात नाही. दोघांनी हे दुसऱ्यांदा वाचून घेतलं.

पैशाचा मुद्दा: प्रत्येक खर्चाला मुख्यालयाची मंजुरी लागत असेल तर समिती म्हणजे पत्रपेटी. अध्यक्षांना एका मुद्द्यामागे 25,000 रुपयांपर्यंत बैठकीतच मंजुरी द्यायचा अधिकार मागितला. मिळाला, लेखी.

21 मार्च, गुरुवार. पहिली बैठक

60 मिनिटं. पहिली 20 जुन्या मुद्द्यांना, नवीन काहीही घ्यायचं नाही. कामगार प्रतिनिधी आधी बोलणार, अध्यक्ष शेवटी. नोंदवही पडद्यावर, सचिव सगळ्यांसमोर लिहिणार, म्हणजे नंतर भाषा ‘गुळगुळीत’ होत नाही.

मिक्सरची नोंद अशी झाली:

‘सँड मिक्सर, दार. लिमिट स्विच तारेने बांधलेला, वाळूने अडकतो. आजपासून: तार काढली, स्विच दर पाळीला साफ, मोल्डिंग ऑपरेटर. कायमचा: स्पर्श न होणारा सांकेतिक चुंबकी सेन्सर, दाराच्या वरच्या कडेला, मेंटेनन्स प्रमुख, 10 एप्रिल. मिक्सरशेजारी कुलूप लावता येणारा आयसोलेटर, मेंटेनन्स प्रमुख, 10 मे. प्लाऊची फट दर आठवड्याला मोजणे, मोल्डिंग प्रतिनिधी आणि फिटर. सेन्सरचा खर्च: अध्यक्ष, बैठकीत मंजूर. खात्री: मोल्डिंग प्रतिनिधी.’

साधा चुंबकी सेन्सर घेतला नाही, कारण तो लोहचुंबकाच्या कुठल्याही तुकड्याने फसवता येतो. सांकेतिक सेन्सरला त्याचाच जोडीदार लागतो.

7 इंची ग्राइंडरची मुदत 29 फेब्रुवारीची होती. एकच आलं. खरेदीने दुसऱ्याची तारीख दिली, जुनी खोडली नाही. जुनी तारीख दिसत राहिली पाहिजे.

16 एप्रिल, मंगळवार. जागेवर तपासणी

सेन्सर 12 एप्रिलला बसला, दोन दिवस उशिरा. मधे पाडव्याची सुट्टी होती. मोल्डिंग प्रतिनिधीने दार उघडून, बंद करून, मशीन चालू असताना कडी सैल करून पाहिलं, आणि मगच सही केली. कॉइलचा पंप डीजीवर आला, पुन्हा मेन बंद करून पाहिलं, पाणी थांबलं नाही. फेटलिंगमध्ये एअरने कपडे झाडणं कमी झालं, बंद नाही. व्हॅक्यूम एकच आहे आणि पाळी सुटताना रांग लागते. घरी जायची घाई असलेला माणूस रांगेत थांबत नाही, त्यामुळे दुसरा व्हॅक्यूम हाच उपाय. नोंद केली.

20 जून, गुरुवार. दुसरी बैठक

स्क्रॅपची शेड झाली. पावसाआधी. मिक्सरशेजारचा आयसोलेटर बसला. मिक्सरमध्ये उतरण्याच्या फेऱ्या पाळीगणिक होत्या, त्या आठवड्याला तीनवर आल्या.

एक मुद्दा गंभीर निघाला. रात्रपाळीत हास्पवर चार माणसांमागे एकच कुलूप सापडलं. कारण शोधलं: ठेकेदाराच्या बदली माणसांना कुलूप दिलंच जात नाही, ती पाळीपुरती येतात. ‘रात्रपाळीने नियम पाळावेत’ असं लिहायला सुरुवात झाली होती, फेटलिंगच्या प्रतिनिधीनेच थांबवलं. नोंद झाली: ‘गेटवर पास देतानाच क्रमांकाचं कुलूप आणि किल्ली द्यायची, जाताना परत घ्यायची. एचआर प्रमुख, 1 जुलै. कुलपं 30, अध्यक्ष, मंजूर. खात्री: फेटलिंग प्रतिनिधी, रात्रपाळीत, 4 जुलै.’

नॉक-आउटच्या डक्टचा मुद्दा उघडाच आहे. रिबन दुसऱ्या हूडवर आत खेचली जात नाही. डक्टचा वाक काटकोनात आहे, तिथे वाळू बसते. तो गोलाईत बदलायला लाइन दोन दिवस बंद ठेवावी लागेल. प्रॉडक्शनने गणपतीच्या सुट्टीत, 7 सप्टेंबरला काम सुरू करण्याची तारीख दिली. तोवर दर शनिवारी डक्ट उघडून वाळू काढणे: मेंटेनन्सचे दोन फिटर, नावं वहीत, एफएफपी2 मास्कसह, फॅनच्या आयसोलेटरला दोन कुलपं.